जळितानंतर (भाग ६) : घट्ट बाहीतले २३ तास

मागच्या भागात जखम भरून रुग्ण घरी गेला, तिथे आपण थांबलो होतो. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण महिना-दोन महिन्यांत तीच सपाट जागा लालबुंद होते, फुगते, हाताला कडक लागते आणि रात्र रात्र खाजते. वण कोपरावर असेल तर हात सरळ होईनासा होतो. त्वचा सांधताना शरीर कोलॅजनचे धागे विणतं. इथे ते थांबायचंच विसरतं. जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले असतील, तर असा जाड वण येण्याची शक्यता बरीच वाढते.

यावर दाबाचा उपाय आला तो पायाच्या शिरांच्या आजाराकडून. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडोचे अभियंते कॉनराड जोब्स्ट यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्यांना आराम पडे, कारण पाणी खोल जावं तसा दाब वाढतो. त्यावरून त्यांनी घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब देणारे मोजे तयार केले. पुढे १९६८च्या सुमारास सिल्व्हरस्टाइन या डॉक्टरांच्या पाहण्यात आलं, की भाजलेल्या पायावर असाच मोजा घालणाऱ्या एका रुग्णाचा वण बराच सुधारला आहे. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या श्रायनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटमध्ये ड्वेन लार्सन आणि सहकाऱ्यांनी दाबाचा पद्धतशीर वापर केला आणि १९७१मध्ये तो प्रसिद्ध केला.

दाब साधारण पाऱ्याच्या २५ मिलिमीटरइतका ठेवतात. त्याने वणाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कोलॅजनची वाढ मंदावते, असं मानलं जातं. हा दाब देणारी घट्ट कापडी बाही मापाचीच लागते. मनगटापासून दंडापर्यंत थोड्याथोड्या अंतरावर घेर मोजावा लागतो. गोल दंडावर कापड नीट दाबतं. तळहाताच्या खळग्यात किंवा छातीच्या मधोमध मात्र ते ताणून वरच्या वर राहतं, म्हणून तिथे खाली सिलिकॉनची किंवा फोमची गादी ठेवावी लागते. ही गादी विसरली, तर बाही घालूनही नेमका तिथलाच वण वाढतो.

बाही दिवसाचे २३ तास घालायची. काढायची ती अंघोळीला आणि मालिशला. हे सहा महिने ते दोन वर्षं. दोन जोड हवेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगावर राहतो. दोन-तीन महिन्यांत कापड सैल पडतं, मग नवं माप. वाढत्या मुलांचं तर त्याआधीही.

इतकं सोसून उपयोग किती? २००९मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वणाची उंची थोडी कमी झालेली दिसली. एकूण रूपात ठाम फरक दिसला नाही. सिएटलमध्ये १२ वर्षं चाललेल्या अभ्यासात एकाच हाताच्या एका भागावर पुरेसा दाब दिला, दुसऱ्यावर जवळजवळ नाही. २०१०मध्ये आलेला निष्कर्ष असा : वण मऊ आणि पातळ होतो, पण नजरेला फरक जाणवतो तो मध्यम किंवा तीव्र वणांतच. म्हणून दहा-बारा दिवसांत भरलेल्या जखमेवर सरसकट बाही चढवणं मला पटत नाही.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! चंद्रपूरच्या मे महिन्यात ही बाही अंगावर ठेवणं म्हणजे काय, ते घालणाऱ्यालाच ठाऊक. भाजलेल्या जागेच्या घामाच्या ग्रंथी बहुधा गेलेल्या असतात, त्यामुळे उरलेलं अंग जास्तच घामेजतं. कुणी दुपारी बाही काढून ठेवली तर त्याला रागावू नका. कुठे काचते, कुठे फोड आला, ते विचारा आणि बाही दुरुस्त करून आणा. बोटं निळसर पडली किंवा बधिर झाली, तर बाही ताबडतोब काढून दवाखाना गाठायचा.

वणाची लाली ओसरली, तो सपाट आणि मऊ झाला, की डॉक्टरांना दाखवून बाही बंद करता येते. चेहऱ्यासाठी पारदर्शक कडक मुखवटाही वापरतात. लहान मुलांच्या वाढत्या जबड्यावर दाबाचा परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तिथे वेगळी काळजी लागते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.