ओट्यावर न चढणारी मोरळी

उमेळ्यात एक निवृत्त फिटर उभ्याने वापरायची मोरळी तयार करतायत, एवढीच माहिती संपादकांनी दिली आणि घरगुती कारागिरीच्या अंकासाठी मला तिकडे पाठवलं. नायगावला पश्चिमेला उतरून रिक्षा केली. मी मनात कौतुकाचा लेख जुळवतच निघालो होतो. विळीत सुधारणा करायची म्हणजे असं कितीसं अवघड असणार?

मोरळी म्हणजे आपली विळीच. मालवणकडे तिला आदाळी म्हणतात, गोव्यात आदोळी, आणि बंगालात तिची बहीण बोंटी. कालीघाटच्या पटचित्रांत बोंटीवर मासा कापणारी बाई दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तूंचं मोठं दालन आहे. केळकरांनी दारोदार हिंडून गोळा केलेला तो संग्रह पुढे राज्य सरकारच्या हवाली केला. मात्र काचेआडच्या विळीवरून तिच्यातली यंत्रविद्या कळत नाही. त्यासाठी तिच्यावर कोणीतरी बसलेलं बघायला लागतं.

त्या फिटरकाकांच्या घरी मागच्या पडवीत काकू बसल्या होत्या. जुनी मोरळी, फणसाच्या लाकडाचा पाट, उजवा गुडघा पाटावर दाबलेला. समोर बोंबील नव्हते, चांगला हातभर लांबीचा रावस होता. सुरीने मासा कापताना एक हात सुरीत अडकतो आणि निसरड्या माशाला दुसरा एकटाच हात उरतो. इथे पातं जागचं हलत नाही, धार बसणाऱ्याकडे, आणि दोन्ही हात माशावर. पात्याला बाक असल्यामुळे मासा नुसता दाबला जात नाही, धारेवरून सरकतो आणि सरकतानाच कापला जातो. पात्याच्या बोथट पाठीने काकूंनी खवले आधीच काढले होते. त्याच पात्यावर कैरी चिरायची, फणस फोडायचा, सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलायची. (माशाची मोरळी वेगळी ठेवणारी घरंही पुष्कळ आहेत, तो वाद इथे नको.) टोकाला खवणी.

माझा जीव अडकला तो खवणीत. बोटभर रुंदीची दातेरी चकती, पण सपाट नाही, किंचित फुगीर. नारळाच्या वाटीचा आतला बाक जसा, तसा हिचा बाहेरचा. सपाट चकती वाटीच्या तळाशी पोचते आणि कडेचं खोबरं सोडून देते. दाते खोल झाले तर चवाबरोबर, म्हणजे खवलेल्या खोबऱ्याबरोबर, करवंटीलगतची तपकिरी साल उतरते, उथळ राहिले तर वाटी नुसती घसरते. काकांनी जुन्या खवणीवर बोट टेकवून सांगितलं, "हे दाते लोहाराने तिकोनी कानशीने घासलेत, एकेक. बाजारच्या खवणीचे पत्र्यात छापलेले असतात. सहा महिन्यांत गुळगुळीत."

काकांची उमेदीची वर्षं खाडीपलीकडे भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यांत गेली. निवृत्तीनंतर काकूंचे गुडघे धरले, डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलं, आणि काकांनी मागच्या पडवीत व्हाइस बसवला.

पहिली अडचण पोलादाची. भांड्यांचं स्टेनलेस कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. त्यात निकेल-मँगनीज असतं. पाणी धरतं ते 420 जातीचं, नाहीतर साधं कार्बनचं लोखंड. म्हणून त्यांनी ट्रकच्या कमानपट्ट्याचा तुकडा लोहाराकडून लालभडक तापवून ठोकून घेतला, पाणी दिलं, मग परत हलकेच तापवून गवती पिवळा रंग येईपर्यंत उतरवला. तसं केलं नाही तर पातं काचेसारखं तडकतं. धार अप्रतिम आली. पण कच्च्या केळ्यावर काळे डाग, आणि मिठागरांच्या खाऱ्या हवेत रात्रीत गंज. आता 420 चं पातं आहे. धार थोडी कमी, डाग नाहीत. काकांना हा सौदा अजून मनापासून पटलेला नाही, हे ते पातं पुसतात त्यावरून कळतं.

दुसरी अडचण घडीची. ओट्यावर उघडं पातं ठेवता येत नाही, घरात नातू आहे. म्हणून बिजागरी आली, बिजागरी आली की खीळ, आणि खीळ आली की ढिलेपणा. भाजी चिरताना पातं पलीकडे ढकललं जातं, नारळ खवताना जोर खाली आणि मागेपुढे येतो. एका दिशेला अडसर लावला तर दुसऱ्या दिशेने भोक मोठं होत जातं. काकांनी जाड बोल्ट घातला, पितळेचे वायसर घातले, खालून खटका लावला. तरी खवताना टिकटिक येतेच.

पण खरी अडचण पोलादात नाही आणि खिळीतही नाही. जमिनीवरच्या मोरळीला कोणी खिळवून ठेवत नाही. बसणारीचं वजनच तिला धरून असतं. माणूस हा तिचा सुटा न करता येणारा भाग आहे. ओट्यावर तो भाग वजा होतो. काकांनी शिकंजा लावायचं ठरवलं, तर सुनेने केलेल्या नव्या ओट्याखाली ट्रॉल्या. ग्रॅनाइटची कड जेमतेम बाहेर आलेली, शिकंज्याचा जबडा ठेवायला जागा नाही. रबरी सक्शन कप लावून बघितले. कोरड्या दगडावर ते घट्ट बसले, पण खोबऱ्याचं दूध सांडलं की सुटले.

आणि मग उंचीचा हिशेब. ओटा साधारण 33 इंच, त्यावर खवणी 7 इंच, म्हणजे 40. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर 38 इंचांच्या आसपास असतं. म्हणजे खवताना हात कोपराच्या वर, खांदा उचललेला. शरीराचा भार वाटीवर टाकायची सोयच नाही, सगळं काम मनगटाने. काकूंनी दोन नारळ खवले आणि म्हणाल्या, "गुडघा वाचला, आता खांदा गेला."

मला आधी वाटत होतं, खाली बसण्याचं गुणगान करणारे लोक उगाच हळहळतात. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. उभ्याने स्वयंपाक करण्यात बायकांच्या कंबरेची सुटका झाली हे खरंच, पण ओटा आला तेव्हा त्याच्याबरोबर सुरी आली, मिक्सर आला, पाकिटातला चव आला. मोरळीला वर यायला कोणी जागा ठेवलीच नव्हती. बाजारात घडीच्या स्टीलच्या विळ्या मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच विळ्यांचा पाटही बसूनच दाबायचा.

काकांच्या डोक्यात सध्या खवणी चार इंचांवर आणायचं आहे. काकूंचा त्याला विरोध आहे. चार इंचांवर खवणीखाली परात बसत नाही, ताटली ठेवली तर चव ओट्यावर सांडतो, आणि रावस तर पात्यावर वळवताच येत नाही. काका म्हणतात, मग मासा खालीच कापू, ओट्यावर फक्त नारळ. काकू म्हणतात, माशासाठी खाली बसायचंच असेल तर नारळही तिथेच होतो, मग ही कशाला? यावर काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला शिकंज्याचा नवा नमुना दाखवायला घेतला, ट्रॉलीचा वरचा खण काढून टाकला तर बसेल असा. सुनेला अजून विचारलेलं नाही.