जुन्या खेळण्यास नवा रंग

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटींतून एक चिमुकली हिरवी मोटार निघाली. लांबी अडीच इंचांहूनही कमी. ही माझ्या दिवंगत वडील बंधूंची. त्यांचा नातू ती हातांत घेऊन म्हणाला, "धाकटे आजोबा, हिला पुन्हा नवी करूं या का?" मीं लगेच होकार दिला नाहीं.

मोटार 'मॅचबॉक्स' मालिकेंतील लँड रोव्हर. लंडनच्या लेस्नी कंपनीनें ही मालिका १९५३ मध्यें काढली. कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीस शाळेंत आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती. म्हणून त्यांनीं तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला, अशी या नांवाची कथा सांगतात. लेस्नी कंपनी १९८२ मध्यें बुडाली.

अशा खेळण्याचा मूळ रंग शाबूत असेल, तर त्यास कुंचला लावूं नये. संग्राहक मूळ रंगासच मान देतात. आमच्या गाडीचा रंग मात्र निम्म्याहून अधिक गेला होता, म्हणून अखेर मीं संमति दिली.

प्रथम नातवानें चोहों बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. मग तळाचे रिव्हेट गिरमिटानें हलकेच कोरून सांगाडा सुटा केला. प्लॅस्टिकचीं चाकें बाजूस ठेवून, हातमोजे घालून, उघड्या अंगणांत द्रावणानें जुना रंग उतरविला. धातु साबणानें धुऊन पुरता वाळल्यावर प्रायमरचा एक पातळ हात दिला, आणि त्यावर हिरव्या रंगाचे तीन. एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात बरे. जाड रंगानें दारांच्या बारीक रेषा बुजून जातात.

गाडी आतां इतकी चकचकीत झाली, कीं ती खोटी वाटूं लागली. तेव्हां तिला वापराची कळा देण्याचें ठरलें. पातळ तपकिरी रंग खांचांत सोडून वरचा पुसून घेतला. चाकांमागें कोरडी माती-रंगाची पूड लावली. एवढ्यानें काम साधलें होतें. परंतु उत्साहाच्या भरांत चिरंजीवांनीं दारांवर तांबूस गंज काढला!

मीं विचारलें, "अरे, हा गंज आला कोठून?" १९४८ सालीं खरी लँड रोव्हर प्रथम निघाली, तेव्हां युद्धोत्तर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचीं दारें व बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. त्यावर तांबडा गंज चढत नाहीं. तो चढतो खालच्या पोलादी चौकटीवर. कारणावाचून कार्य नाहीं, हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ रंगकामासही लागू आहे. पाऊस कोठून ओघळतो, पाय कोठें घासतो, चिखल कोठें उडतो, हें पाहूनच कुंचला उचलावा. नातवानें मुकाट्यानें दारें पुसलीं.

शेवटीं तळपत्रा उरला. त्यावर दादांनीं लहानपणीं खिळ्यानें आपल्या नांवाचें आद्याक्षर कोरलें होतें. गाडीसाठीं आमचें रोज भांडण होई. मीं ती पुन्हा आपली म्हणूं नये, एवढाच त्यांतील हेतु. त्या दिवशीं मी फार रडलों होतों. नातू कानस घेऊन म्हणाला, "हा ओरखडा घासून टाकूं का?" मीं तळपत्रा त्याच्या हातून काढून घेतला.

बाकीचें जीर्णत्व कुंचल्यानें आणतां आलें. हें एक अक्षर तेवढें खरें होतें. तळपत्र्यास रंग न देतां तो तसाच बसविला. गाडी आतां बैठकीच्या कपाटांत असते. पाहुणे वरच्या रंगाची वाखाणणी करतात. मी मात्र अधूनमधून ती उलटी करून पाहतों.

वाचकहो, घरांतील जुनी वस्तु अवश्य नवी करा. पण पॉलिशकागद हातीं घेण्यापूर्वीं तिच्यावरील कोणती खूण कोणाच्या हातची आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांस एकवार विचारा.