गंज नाही, तरी तडा

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली आणि या शहराची तहान देशभर कळली. टंचाईच्या काळात लातूर-नांदेडकडे भिस्त असते ती बोअरवर, आणि खोल बोअरचं पाणी पुष्कळदा क्षारांचं. तेच पाणी गच्चीवरच्या सोलारच्या स्टेनलेस टाकीत तापतं. अशा टाकीला कधी वेल्डिंगच्या जोडाजवळ पाझर फुटतो. पत्र्यावर गंज नसतो, असतो फक्त केसाएवढा तडा.

हे स्टील बहुधा 304 जातीचं असतं : साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. पाण्यातलं क्लोराइड, 60 अंशांच्या आसपासची किंवा त्याहून जास्त उष्णता आणि पत्रा वाकवताना, जोडताना धातूत अडकलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की ते तडकू शकतं.

मग तापवून ताण काढून टाकावा? साध्या पोलादाच्या बॉयलरचा ताण 600 अंशांच्या आसपास तापवून काढतातच. 304 ला मात्र हाच उपचार घातक ठरतो. 425 ते 850 अंशांच्या दरम्यान कार्बन क्रोमियमला ओढून घेतो आणि धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतं. सीमेलगतचं क्रोमियम 12 टक्क्यांच्या खाली उतरलं की तिथला संरक्षक थर टिकत नाही, तड्याला वाट मिळते. जोडाशेजारची पट्टी वेल्डिंगच्या वेळी याच तापमानांतून जाते.

1050 अंशांपर्यंत नेऊन झपाट्याने थंड केलं, तर कार्बाइड विरघळतं, आधीचा ताणही सुटतो. पण पातळ पत्र्याची तयार टाकी त्या आचेत वेडीवाकडी होईल. म्हणून कार्बन 0.03 टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं 304 एल वापरतात. तेवढ्यावर निर्धास्त राहणं मला धोक्याचं वाटतं, कारण सीमा शाबूत असल्या तरी क्लोराइडचा तडा कणांच्या आरपार जातो.

यात निकेलचाही हात आहे. 1959 मध्ये कॉप्सन या संशोधकाने निकेलचं प्रमाण बदलत क्रोमियम-पोलादाच्या तारा उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये ताणून ठेवल्या. सर्वांत लवकर तुटल्या त्या 8 टक्क्यांच्या आसपास निकेल असलेल्या! 45 टक्क्यांच्या पुढे तारा टिकल्या, निकेल जवळजवळ नसतानाही टिकल्या.

म्हणून आपल्याकडे टाकी घेण्याआधी बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड तपासून घ्यावं आणि दुकानदाराला पत्र्याची जात विचारावी. क्लोराइड जास्त असेल तर 444 जातीचा पत्रा बरा. त्यात निकेल नाममात्र, मॉलिब्डेनम 2 टक्के, शिवाय टायटॅनियम किंवा नायोबियम असतं. कार्बनला तेच आधी बांधून ठेवतं.