थंडीत टायरची हवा पाहिलीत का?

डबा भरलात, मफलर हातात दिलंत. पण दारातल्या मोटारसायकलच्या चाकांकडे पाहिलंत का?

बदलापूर-अंबरनाथची पहाट मुंबईपेक्षा गार. समुद्र लांब, डोंगर जवळ! या गारव्याने टायरमधल्या हवेचा दाब उतरतो. पाच-सहा अंशांमागे साधारण एक पौंड. ऑक्टोबरच्या दुपारी 34 अंशांत 30 पौंड भरलेली हवा जानेवारीत 14 अंशांच्या पहाटे 27च्या आसपास येते. शिवाय आपोआप झिरपते ती वेगळीच.

अंगठ्याने दाबून हे कळत नाही बरं का! हवा कमी असली की टायर कडांनी झिजतो, तापतो, पेट्रोलही जास्त लागतं. आणि उल्हासनगरच्या गर्दीत कुणी अचानक आडवं आलं, तर गाडी पटकन सावरत नाही. मागे आपण असतो, नाहीतर कॉलेजला निघालेली लेक.

उपाय सोपा आहे. हवा मोजायचं मीटर घरीच ठेवा. आठवड्यातून एकदा, गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर गार असतानाच मोजा. दोन्ही चाकांचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकाला बहुधा जास्त हवा लागते. गाडी चालून टायर तापला की आकडा चढतो. तेवढ्यावरून हवा काढू नका. व्हॉल्व्हचं टोपणही आठवणीने लावा.

स्वतःची स्कूटर असली तरी नियम हाच. गॅसची नळी तपासतो ना आपण? मग रविवारी चहा उकळेतोवर हेही उरका!