राणीच्या बागेतला घोडेस्वार

राणीच्या बागेत हल्ली रांगा लागतात त्या पेंग्विनसाठी. मुलांना पेंग्विन दाखवायचे, वाघ दिसला तर बघायचा आणि भेळ खाऊन भायखळा स्टेशन गाठायचे, असा साधारण बेत असतो. तिथल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ब्राँझचा एक भलामोठा घोडेस्वार उभा आहे, त्याच्याकडे मान वर करून बघायला फारसे कुणी थांबत नाही. हाच मुंबईचा मूळ काळा घोडा, असे सांगितले तर ऐकणारा हमखास विचारतो, "काळा घोडा फोर्टात नाही का?"

फोर्टातच होता. चांगली ऐंशीपंच्याऐंशी वर्षे तो एस्प्लनेडवर, डेव्हिड ससून ग्रंथालयासमोरच्या रस्त्यात उभा होता. घोड्यावरचा स्वार म्हणजे इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला तो. १८७५-७६ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा मुंबईला भेट दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. जन्माने व्हिएन्नाचा, पण नाव काढले लंडनमध्ये. हाइड पार्क कॉर्नरचा घोड्यावरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्याचाच, आणि १८८७ च्या ज्युबिली नाण्यांवरची व्हिक्टोरियाही त्याचीच. म्हणजे कारागिरीत हयगय नव्हती. तरी मुंबईकराने राजपुत्राला बाजूला सारले आणि घोड्याच्या नावाने चौक ओळखला. शिल्पकाराच्या दृष्टीने ही दाद की फजिती, कोण जाणे!

हा घोडा काळ्या दगडाचा होता, असे अजूनही छापून येते. तो ब्राँझचा आहे. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि थोडे कथील. नवे ओतकाम सोनेरी-तांबूस झळकते. शिल्पकार रसायनांचा हात देऊन त्यावर हवा तो गडद रंग चढवतो आणि पुढचे काम हवा करते. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने धातू काळवंडतो, खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडतो. मुंबईत दोन्हींची कधी वाण नव्हती. उघड्यावरचा कुठलाही जुना ब्राँझ पुतळा जवळ जाऊन पाहा. पावसाचे पाणी जिथून वर्षानुवर्षे ओघळले तिथे फिकट हिरवे पट्टे उमटलेले असतात, आणि जिथे पाणी पोचत नाही त्या पोटाखालच्या, काखेतल्या जागा काळ्याकुट्ट राहिलेल्या असतात.

घोडेस्वार ओतणे हे ओतकामातले अवघड काम. एवढा मोठा पुतळा भरीव नसतो. आतून पोकळ असतो, तुकड्यातुकड्यांत ओतून जोडलेला. सांधे घासून असे बुजवतात की बघणाऱ्याला ते दिसू नयेत. खरी कसोटी असते पायांची. घोड्याचे धड आणि वरचा माणूस मिळून काही टनांचा भार, आणि तो पेलायचा काडीसारख्या पायांवर. म्हणून पायांतून खाली चौथऱ्यापर्यंत आधार न्यावा लागतो.

१९६५ मध्ये मुंबईतले इंग्रजी पुतळे रस्त्यांवरून हलवले गेले. एडवर्ड घोड्यासकट भायखळ्याला आला. सोबतीला वेलस्ली आला, कॉर्नवॉलिस आला, आणि खुद्द राणी व्हिक्टोरियाही आली. तिचा तो संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्यालाच डांबर फासले होते. या मंडळींची आजची अवस्था बघण्यासारखी आहे. संगमरवरवाल्यांपैकी कुणाचे नाक गेले, कुणाचे डोके. ब्राँझवर हातोडा सहजी चालत नाही, त्यामुळे एडवर्डसाहेब त्या मानाने सुखरूप आहेत. हे पुतळे वितळवले नाहीत, फोडून टाकले नाहीत आणि त्यांची पूजाही मांडली नाही, हे मला शहाणपणाचे वाटते. जवळच घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो तुटला आणि तुकडे जोडून पुन्हा उभा केला. एका साम्राज्याची अडगळ आणि त्याने केलेली मोडतोड, दोन्ही एकाच आवारात.

इकडे फोर्टात पुतळा गेला तरी बसचा कंडक्टर काळा घोडाच पुकारत राहिला. १९९९ पासून तिथला कला महोत्सवही त्याच नावाने भरू लागला. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचे. उंची सुमारे २५ फूट, आणि पाठीवर कुणी नाही. लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वीच जो स्वार उतरवून ठेवला होता, त्याला वगळूनच हे काम झाले.

संग्रहालयात शिरलात तर एडवर्डचा बाप प्रिन्स अल्बर्ट याचा संगमरवरी पुतळा जरूर पाहा. तो अल्बर्ट ससून यांचे वडील डेव्हिड ससून यांची देणगी. अल्बर्ट ससून यांचे मूळ नाव अब्दुल्ला, जन्म बगदादचा; 'अल्बर्ट' हे नाव त्यांनी पुढे घेतले. म्हणजे आत बाप ससूनने दिलेला बाप अल्बर्ट, आणि बाहेर मुलगा ससूनने दिलेला अल्बर्टचा मुलगा. पुतळे हलवताना हा हिशेब कुणी मांडला असेल, असे काही वाटत नाही.