घरांतील राखीव आगकाडी



२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सायंकाळीं आमच्या घरची वीज गेली. आजारी आईला रात्रीचें औषध द्यावयाचें होतें आणि दोन बाटल्यांतील योग्य कोणती, तें अंधारांत कळेना. घरांत मेणबत्त्या होत्या, काडेपेट्याहि तीन होत्या. परंतु तिन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीं पावसाळाभर ओल पीत पडलेल्या! एकीचें गुल लोण्यासारखें फासलें गेलें, दुसरीची पट्टीच सोलून निघाली. वर्गांत ज्वलन शिकविणारा मी, शेजाऱ्यांकडे जळती मेणबत्ती मागावयास अंधाऱ्या जिन्यानें वर गेलों.

असें कां व्हावें? नेहमींच्या काडीच्या गुलांत पोटॅशियम क्लोरेट व गंधक असतें. तांबडा फॉस्फरस मात्र काचेच्या भुकटीसह पेटीच्या कडेवर असतो. घर्षणानें फॉस्फरसचा कण पेटतो, क्लोरेट प्राणवायु पुरवितें आणि गुल भडकतें. स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश यांनीं १८४४ सालीं ही विभागणी योजिली. तिच्यामुळें काडी निर्धोक झाली खरी. पण दोहोंपैकीं एकास ओल लागली, कीं दुसरें बहुधा निरुपयोगी ठरतें. म्हणून काडीइतकीच पट्टीहि जपली पाहिजे.

खरेदी करतांना पेटी उघडून पाहावी. काड्या सरळ, गुलें अखंड आणि पट्टी न झिजलेली असावी. आपल्याकडील पुष्कळशा काडेपेट्या शिवकाशीच्या कोरड्या हवेंत तयार होतात. आपल्या दमट हवेंत त्यांना जपणें हें आपलें काम. कोठेंहि घासतांच पेटणारी काडी सोयीची वाटते. परंतु ती एकमेकींवर घासूनहि पेटूं शकते, म्हणून घरगुती सांठ्यास ती नको.

आतां सांठवण. घट्ट फिरकीच्या झांकणाची लहान बरणी उन्हांत पूर्ण वाळवावी. तींत वीस-पंचवीस काड्या, गुलें एका दिशेस करून ठेवाव्या. नव्या पेटीच्या दोन्ही पट्ट्या कापून, कागदांत गुंडाळून आंत घालाव्या, म्हणजे त्या गुलांना घासणार नाहींत. बरणी शेगडीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, परंतु मोठ्यांस अंधारांतहि सांपडेल अशा ठरलेल्या जागीं असावी. शेजारींच मेणबत्ती ठेवावी. दर वर्षीं मृगापूर्वीं एक काडी ओढून पाहावी. जुन्या काड्या निरांजनासाठीं वापरून नव्या भराव्या. एक गोष्ट मात्र विसरूं नये : गॅसचा वास येत असेल तर कितीहि अंधार असो, काडी ओढूं नये.

त्या रात्रीं आईला औषध मिळालें, तें शेजाऱ्यांच्या मेणबत्तीमुळें. पुढल्याच आठवड्यांत मीं बरणी भरली. दोन रुपयांची ही तयारी आपण या पावसाळ्यापूर्वींच करावी, इतकीच माझी विनंति आहे.