लाल-निळ्या चित्रामागचा आकडा

सिग्नल्सच्या पेपरला डीकनव्होल्यूशन मी चक्क ऑप्शनला टाकलं होतं. (मराठी शब्द सापडला नाही, कॉन्व्हेंटवाल्यांना माफ करा!) मग दिवाळीत आजोबांना पॅरॅलिसिसचा झटका आला, आणि एमआरआयच्या रिपोर्टमधून तेच गणित पुन्हा समोर आलं.

चित्रात मेंदूची डावी बाजू निळी होती. निळं म्हणजे रक्त कमी. पण किती कमी? मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण अजून वाचू शकतात. १० च्या खाली मात्र लवकरच मरतात. दोन्हीकडे रंग निळाच!

गंमत म्हणजे मशीन मिलिलिटर मोजतच नाही. शिरेत गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. ते मेंदूतून जाताना सिग्नल काही सेकंद खाली पडतो. हा खड्डा रक्तप्रवाहावर अवलंबून असतो, तसाच औषध धमनीतून कसं आलं यावरही. म्हणून मोठ्या धमनीतला कर्व्ह हा इनपुट, मेंदूतला आउटपुट. डीकनव्होल्यूशन केलं की जे उरतं त्याची उंची म्हणजे रक्तप्रवाह.

गोची अशी, की आजोबांची मानेतली धमनी अरुंद झालीय. अशा वेळी औषध उशिरा आणि पसरत पोचतं, आणि साधं गणित प्रवाह आहे त्याहून कमी दाखवतं. उशीर सांभाळून घेणाऱ्या पद्धती आहेत, पण पसरण्याची चूक त्यातही थोडी उरतेच.

मी डॉक्टरांना विचारलं, “इनपुट कुठल्या धमनीचा घेतला?” ते हसले. “इंजिनिअरिंगला आहेस का?”